नाक्यावर झालेला प्रवेश

इंटरव्ह्यू व्हायच्या आधीच माझा प्रवेश झाला होता. कॉलेजात नाही, नाक्यावर.

लालबागला आमच्या चाळीसमोरच्या बसस्टॉपच्या डोक्यावर, दोन खांबांच्या मध्ये एक बॅनर लागला होता. डावीकडे विभागातले भाऊ, हात जोडलेले, माणसाच्या खऱ्या उंचीपेक्षा मोठे. उजवीकडे भाऊंचे धाकटे भाऊ. वरच्या पट्टीत पक्षातले वडीलधारे, गोल गोल चौकटींत. आणि खाली कोपऱ्यात, ‘शुभेच्छुक’च्या जरा वर, मी. ‘गिरगावातील नामांकित महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळवून विभागाची मान उंचावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ फोटो आदल्या वर्षीच्या विसर्जनातला होता. कपाळावरचा गुलाल ठेवून बाकीची मिरवणूक कापली होती. त्यामुळे मी परीक्षा पास होऊन आलोय की मारामारी करून, हे बघणाऱ्याने आपापलं ठरवायचं.

खरी गोष्ट एवढीच होती की त्या नामांकित महाविद्यालयाने मला इंटरव्ह्यूला बोलावलं होतं.

बारावीनंतर तिथे माझा नंबर थोडक्यात हुकला होता. मग परळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो. चाळीतून चालत जाण्यासारखं, कॅन्टीनवाला नावाने ओळखणारा, आणि मुख्य म्हणजे तिथे मी हुशार होतो. वर्गात कुणाला गणित अडलं की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. हुशार असण्याची सवय चहासारखी असते, एक दिवस चुकला की डोकं दुखतं. तरी डोक्यात ते दुसरं कॉलेज होतंच. पहिल्या वर्षानंतर तिथली काही मुलं इंजिनीअरिंगला नाहीतर परदेशात निघून जातात आणि त्यांच्या मोजक्या जागा बाहेरच्यांसाठी उघडतात. त्यासाठी परीक्षा असते. मी ती गुपचूप दिली.

गुपचूप का, तर आमच्या संख्याशास्त्राच्या मॅडम. दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्राची बॅच लहान असायची, कारण प्रयोगशाळेत कॉम्प्युटरच तेवढे. मॅडमनी वर्ष संपायच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं, ‘तू माझ्याकडे आहेस हां, दुसरीकडे कुठे नाव देऊ नकोस.’ अशा बाईंसमोर जाऊन ‘मॅडम, मी तुमच्यापेक्षा बरं काहीतरी शोधतोय,’ असं कोणत्या तोंडाने सांगणार?

परीक्षेला गेलो तेव्हा त्या कॉलेजच्या पायऱ्यांवर दोघं जण भांडत होते. इतक्या अस्खलित इंग्रजीत, की मला भांडणाचं कारण कळलंच नाही, फक्त व्याकरण बरोबर आहे एवढं कळलं. त्या दिवसापासून मला दोन्ही बाजूंनी भीती वाटायला लागली. प्रवेश नाही मिळाला तर काय, हे एका बाजूने. मिळाला तर काय, हे दुसऱ्या.

इंटरव्ह्यूचा मेल आला तेव्हा मी नाक्यावर वडापाव खात होतो. शेजारी माझा मित्र. हा आमच्या मंडळाचा बॅनरमंत्री. वाढदिवस, दहावीचा निकाल, दहीहंडी, श्रद्धांजली, काहीही असो, हा फोनवर बोटं फिरवून चहा निवायच्या आत डिझाइन तयार करतो.

‘काय रे, फोनकडे बघून हसतोस? पोरगी?’

‘कॉलेज.’

‘दाखव.’

मेलचा पहिला शब्द ‘काँग्रॅच्युलेशन्स’ होता. पुढचं सगळं त्या शब्दाला हळूहळू मागे घेणारं होतं, पण मित्राचं वाचन बॅनरच्या शिस्तीतलं, मोठ्या अक्षरापुरतं.

‘म्हणजे झालं ना भावा?’

इथे ‘नाही रे, नुसतं बोलावलंय,’ एवढंच म्हणायचं होतं. तोंडात वडापाव होता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे वडापाव गिळून झाला होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला आणखी थोडा वेळ बघायचा होता. मी नुसता हसलो.

त्या हसण्याचा बॅनर पंधरा बाय दहाचा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दुधाची पिशवी घेऊन वर आली ती धापा टाकतच. आई एरवी आमच्याशी शहरातलं मराठी बोलते. राग किंवा आनंद फार झाला की मालवणी बाहेर येते. त्या दिवशी दोन्ही झालं होतं.

‘काय रे मेल्या, अख्ख्या लालबागाक कळला! आमका सांगूक काय झाला होता तुका?’

मी गॅलरीत जाऊन खाली पाहिलं. ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली. ताई लोअर परळच्या एका ऑफिसात कामाला आहे आणि सकाळी निघायच्या घाईतही माझी फिरकी घ्यायला तिला वेळ असतो.

‘भाऊंच्या खांद्यावर माशी बसलीय बघ,’ ती म्हणाली. मग डोळे बारीक करून, ‘अगं बाई, तू आहेस होय!’

मी खरं सांगायला तोंड उघडेपर्यंत आई पेढे आणायला निघूनही गेली होती. ती परत आली ती अर्धा बॉक्स जिन्यातच वाटून. शेजारच्या काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, ‘आमच्या मजल्यावरचा पहिलाच हो.’ मी त्यांचा पेढा खाल्ला. एकदा पेढा खाल्ल्यावर खरं बोलणं किती अवघड होतं, हे अनुभवानेच कळतं.

संध्याकाळी पप्पा आल्यावर सांगितलं. पप्पा एका टॉवरमध्ये लिफ्टचं काम बघतात, घरी कमी बोलतात. मी सांगत होतो तोवर ते बूट काढत होते. दुसरा बूट काढून होईपर्यंत माझं सगळं सांगून झालं.

‘इंटरव्ह्यू कधी आहे?’

‘सोमवारी.’

‘आणि नाय झाला तर?’

आईच्या हातात उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स होता, तो तिने उगाच झाकला. मला वाटलं आता फटका बसणार. पण पप्पा उठले, हातपाय धुतले, देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि आम्हाला तिघांना मागे उभं केलं. पप्पांनी गाऱ्हाणं घातलेलं मी फक्त गावाला, होळीला ऐकलं होतं.

‘बा देवा म्हाराजा,’ पप्पा म्हणाले.

‘व्हय म्हाराजा,’ आम्ही.

‘पोरान चूक केली हा, ती आम्ही बघून घेव. पण बॅनर लागलो हा, म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा!’

‘तो आता खोटो पाडू नको. बॅनरार जसा लिवला हा, तसाच घडान येऊं दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ आई सगळ्यात मोठ्याने ओरडली. ताईचे खांदे हलत होते, ती रडत नव्हती हे नक्की. मला मात्र हसू आलं नाही. आतापर्यंत कॉलेज मला घेतंय की नाही एवढाच प्रश्न होता. आता त्यात देवही आला होता, आणि भाऊ तर पहिल्यापासून होतेच.

शनिवारी मित्राला गाठून म्हटलं, ‘बॅनर उतरव.’

‘येडा झालास काय? भाऊंचा फोटो आहे त्याच्यावर.’

‘मग?’

‘मग काय मग! भाऊंचा बॅनर मुदतीच्या आधी उतरला, तर समोरच्या पार्टीने उतरवला असं होतं. गेल्या वर्षी वाढदिवसाच्या बॅनरची एक दोरी सुटली होती फक्त, चौकीपर्यंत प्रकरण गेलं. तू एक काम कर.’

‘काय?’

‘ॲडमिशन घेऊन टाक.’

त्याने काही केलं नसतं, म्हणून भर दुपारी नाका सुस्तावलेला बघून मी स्वतःच बसस्टॉपच्या बाकड्यावर चढलो. खालची एक गाठ सोडवली. दुसरीला हात घातला तोच पानाच्या टपरीवरून आवाज आला, ‘ए! भाऊंच्या फोटोला हात कोण लावतोय?’

माणूस भाऊंचाच होता. दंडावर भाऊंच्या सहीचा टॅटू होता, यापेक्षा जास्त पुरावा काय हवा.

‘वाकडा झाला होता,’ मी म्हणालो. ‘सरळ करतोय.’

त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. ‘अरे, हा तूच काय? मग घट्ट बांध ना. वारा सुटलाय.’

आणि तो खाली उभा राहून सूचना देत असताना मी माझाच बॅनर पहिल्यापेक्षा घट्ट बांधला. पलीकडच्या खांबावरची गाठही त्याने आवळायला लावली.

सोमवारी ठाकूरद्वारला बसमधून उतरलो तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. आत तिघं बसले होते. प्रश्न मला येत होते, उत्तरंही येत होती, पण प्रत्येक उत्तर मराठीतून निघून इंग्रजीत पोहोचेपर्यंत मध्ये कुठेतरी सिग्नल लागत होता. ‘आत्ताचं कॉलेज का सोडायचंय?’ यावर मी ताईकडून पाठ केलेलं ‘एक्स्पोजर’ वगैरे म्हणून टाकलं. त्यातले वयस्क सर बराच वेळ माझा चेहरा बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, ‘समजा इथे नाही झालं, तर काय करशील?’

माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र आलं.

‘सर, मग मला घर बदलावं लागेल.’

तिघंही खळखळून हसले. मुलगा विनोदी आहे असा त्यांचा समज झाला. मी हसलो नाही, कारण मी मनापासून बोललो होतो.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. खाली प्रतीक्षायादी होती, तिच्यात मी दुसरा.

दुसरा हा फार वाईट नंबर. दहावा असता तर माणूस रडून मोकळा होतो. दुसऱ्या नंबराला रडताही येत नाही आणि पेढेही वाटता येत नाहीत. आई रोज विचारायची, ‘हलला काय?’ म्हणजे नंबर. पप्पा एकदा म्हणाले, ‘लिफ्ट मधी अडकली काय आतला माणूस सगळी बटनां दाबीत बसता. त्यान गाडी लवकर येणा नाय.’ मला पटलं, आणि मी लगेच कॉलेजची वेबसाइट पुन्हा उघडली.

घरात खरं माहीत होतं, पण चाळीत नव्हतं. आणि कॉलेजं सुरू झाली होती. शेजारच्या काकू रोज विचारत, ‘गिरगावला निघालास का?’ मग मी बॅनरखाली उभा राहून, म्हणजे स्वतःच्याच फोटोखाली उभा राहून, गिरगावची बस पकडायचो. चिंचपोकळीला उतरायचो. तिथून आतल्या रस्त्याने, ओळखीचं कुणी दिसलं तर दुकानाच्या पाट्या वाचत, उलटा परळला चालत यायचो. घरापासून दहा मिनिटांवरचं कॉलेज गाठायला मला पाऊण तास लागत होता.

असाच एक दिवस परळला पोहोचलो आणि नोटीस बोर्डावर दुसऱ्या वर्षाच्या संख्याशास्त्राची यादी लागलेली दिसली. वरून खाली वाचली. खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं.

मॅडम त्यांच्या खोलीत पेपर तपासत होत्या. मला बघून त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘अरे वा! गिरगावकर! कॅन्टीनची आठवण आली वाटतं?’

‘मॅडम, यादीत माझं नाव नाहीये.’

‘कसं असेल? मी रोज लालबागवरूनच येते. बस सिग्नलला थांबते ना, ती अगदी तुझ्या तोंडासमोर. कपाळाला काय लावलंयस रे, कुंकू?’

‘गुलाल. मॅडम, ते खरं नाहीये.’

‘बॅनर खोटा आहे?’

‘बॅनर खरा आहे. मजकूर जरा पुढचा आहे.’

मग सगळं सांगितलं. परीक्षा, वडापाव, हसू, वेटिंग. मॅडमनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या.

‘मला न सांगता गेलास याचं वाईट वाटून घेऊन मी मोकळी झाले होते,’ त्या म्हणाल्या. ‘आता तू गेलाच नाहीस म्हणतोस. म्हणजे मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.’

त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

‘तुझी जागा मी दिली. एक मुलगी आहे, नायगावहून येते. संख्याशास्त्रच हवं म्हणून गेला महिनाभर माझ्या दारात बसलीय. तिला काल सांगितलं, मिळाली म्हणून. आज ती फॉर्मवर सही करायला येतेय. आता तू आलास. तुझे मार्क जास्त, नियमाने जागा तुझी. मी तिला काय सांगू?’

‘मॅडम…’

‘एसटीची खिडकी आहे काय रे ही? रुमाल टाकून खाली उतरायचं, दुसऱ्या गाडीत जागा मिळते का बघायचं, नाही मिळाली की परत येऊन रुमाल उचलायचा?’

मी अगदी तेच केलं होतं, आणि तेही रुमाल न टाकता. मॅडम म्हणाल्या, ‘राहणार असशील तर शब्द दे. मग मी तिला समजावते. पण शब्द म्हणजे शब्द.’

‘राहतो, मॅडम,’ मी म्हणालो. ‘कुठे जात नाही आता.’

आणि त्या क्षणी ते शंभर टक्के खरं होतं. इतकं हायसं वाटलं की काय सांगू. इंग्रजी भांडणं नाहीत, वेटिंग नाही, इथे मी हुशार. बाहेर पडलो तर दाराशी बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर फाइल, फाइलवर पेन, टोपण काढून तयार. तिने वर बघितलं. मी इतक्या वेगाने तिच्यासमोरून गेलो की चपलेचा अंगठा निसटला आणि तो घालायला मला तिच्याच पुढ्यात थांबावं लागलं.

‘मॅडम आहेत ना आत?’ तिने विचारलं.

‘आहेत,’ मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादरला गेलो, फुटपाथवरून दुसऱ्या वर्षाची जुनी पुस्तकं घ्यायला. परळच्या कॉलेजला लागतात ती. एक पुस्तक हातात घेऊन चाळत होतो, पहिल्या मालकाने प्रत्येक पानावर पेन्सिलीने ‘महत्त्वाचे’ लिहिलं होतं, तेवढ्यात फोन वाजला.

बाई तुटक इंग्रजीत बोलत होत्या. प्रतीक्षायादीतला पहिला आला नाही. जागा मला मिळू शकते. आज चारपर्यंत, जुन्या कॉलेजच्या ना-हरकत पत्रासकट. नाहीतर तिसऱ्या नंबरला फोन जाईल. ‘आर यू इंटरेस्टेड?’

‘येस,’ माझं तोंड म्हणालं. या तोंडाने आयुष्यात मला कधी विचारून काही केलेलं नाही.

फोन ठेवल्यावर मॅडम आठवल्या. मॅडमना शब्द दिल्याला अजून दिवस उलटला नव्हता. पुस्तकवाला म्हणाला, ‘घेणार का ठेवणार?’ मी पुस्तक ठेवलं. मग उचललं. मग ठेवलं. त्याने ते माझ्या हातून काढूनच घेतलं.

ताईला फोन लावला.

‘ताई, लागला नंबर.’

‘काय सांगतोस!’

‘पण मी मॅडमना काल शब्द दिलाय. राहतो म्हणून.’

मागे तिच्या ऑफिसातले फोन वाजत होते.

‘तुला जायचंय का?’

‘मला भीती वाटते गं तिकडची. तिथे सगळे…’

‘ते नाही विचारलं.’

मी फुटपाथवर उभा राहिलो. एका माणसाने मला बाजूला सरकवून पुस्तकांचा गठ्ठा खाली ठेवला.

‘जायचंय,’ मी म्हणालो.

‘मग फोन ठेव आणि पळ. आईला मी सांगते. आणि ऐक, बाईंना तोंडावर सांग, पत्र मागायला शिपायाला पुढे करू नकोस. तुझा काही भरवसा नाही.’

मी नेमका तोच विचार करत होतो.

परळला पोहोचलो तर मॅडम प्रॅक्टिकल घेत होत्या. दाराच्या काचेतून मी दिसत होतो, त्यांनी मला पाहिलंही, पण हात थांबवला नाही. फळ्यावर सगळं उदाहरण सोडवून, मुलांना एक करायला देऊन, मग बाहेर आल्या. दुपारचे दोन वाजून गेले होते. मी घड्याळाकडे बघितलं ते त्यांनी बघितलं.

‘बोल.’

‘मॅडम, फोन आला.’

त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी कारणांची अख्खी पोतडी घेऊन आलो होतो. आई, पप्पा, चाळ, बॅनर, गाऱ्हाणंसुद्धा. पण तोंड उघडलं आणि निघालं ते एवढंच, ‘मी काल खोटं नव्हतो बोललो. पण मला जायचंय.’

‘तुला भीती नाही वाटत तिकडची?’

‘वाटते. खूप.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटलं हुरळून गेलायस.’ खोलीत जाऊन त्यांनी कागद काढला, पेन उघडलं आणि सही न करता तसंच धरून बसल्या. ‘काल मी त्या मुलीला नाही म्हणाले. ती रडली नाही. “ठीक आहे मॅडम” म्हणाली आणि फाइल बंद केली. मला ते रडण्यापेक्षा लागलं. आज तिला मी फोन करणार नाही. तू कर.’

‘मी?’

‘रुमाल तुझा, तूच उचल.’

त्यांनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. मला वाटलं उचलू नये. दुसऱ्या रिंगलाच उचलला.

‘हॅलो मॅडम?’

‘मॅडम नाही. मी… तो संख्याशास्त्रवाला.’

‘बॅनरवाले?’

‘हो.’ नायगावपर्यंत माझी कीर्ती गेली होती तर. ‘मी चाललोय. गिरगावला. म्हणजे आता खरंच. तुमची जागा मोकळी आहे.’

तिच्या मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

‘नक्की?’

‘नक्की.’

‘परवाही नक्कीच होतं,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट. ‘परवा मी घरी सांगितलं, मिळालं. आई-बाबांनी ताबडतोब मामांना फोन केला. काल सांगितलं, नाही मिळालं. आज पुन्हा मिळालं म्हणू? मला तुमचा नंबर द्या. तुमचा प्रवेश झाला की मला मेसेज करा. तोपर्यंत मी घरी काही बोलणार नाही.’

मी नंबर दिला. मॅडमनी सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, ‘शहाणी आहे पोरगी. तू बॅनरच्या आधी तिला भेटायला हवं होतंस.’ मी वाकून पाया पडलो तर त्यांनी पाय मागे घेतले. ‘नाटकं नकोत. प्रिन्सिपलांचा शिक्का घे, ते जेवायला गेले तर तासभर येत नाहीत. पळ!’

शिक्का मिळाला. टॅक्सी मिळाली. लालबागच्या पुलाखाली टॅक्सी थांबली ती हलेचना. मी फोन हातात धरून बसलो होतो आणि तो दर थोड्या वेळाने नायगावच्या मेसेजने थरथरायचा.

‘झाला?’

‘रस्त्यात आहे.’

ड्रायव्हरने भायखळ्याहून आतून गाडी घातली. एका गल्लीत टेम्पो आडवा, दुसरीत वरात. मी उतरून धावावं का याचा हिशेब करत होतो आणि धावलो तर आणखी उशीर होईल असं उत्तर येत होतं. संख्याशास्त्राचा एवढाच उपयोग त्या दिवशी झाला.

‘आता?’

‘ठाकूरद्वार.’

‘चार वाजत आलेत.’

‘माहितीय.’

कॉलेजच्या कमानीतून मी धावत शिरलो तेव्हा पायऱ्यांवरची मुलं बाजूला झाली. कुणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही. काउंटरवरच्या बाई पर्स आवरत होत्या. मी काचेच्या खालून कागद आत सरकवला तो घामाने अर्धा ओला झालेला. त्यांनी तो चिमटीत धरून, उजेडात धरून वाचला. मॅडमच्या सहीवर बोट ठेवलं. शिक्क्यावर बोट ठेवलं. मग ‘साइन हिअर,’ म्हणाल्या.

मी सही केली. फी फोनवरून भरली. मशीनने खरखर करून पावती बाहेर टाकली.

‘झाला,’ मी मेसेज केला. आईच्याही आधी, ताईच्याही आधी, नायगावला.

उत्तर लगेच आलं. ‘पावतीचा फोटो पाठवा.’

हसू आलं, पण रागही आला, कारण तिला माझ्यावर विश्वास नव्हता आणि नसावा हेच योग्य होतं. फोटो काढला. पहिला धूसर आला. दुसरा पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. मग आलं, ‘मी मॅडमकडे निघाले.’

ते मी दोनदा वाचलं. ती आता नायगावहून निघणार, परळला पोहोचणार, फाइल उघडणार आणि सही करणार. माझ्या जागेवर. इतके दिवस मी दोन कॉलेजांच्या मध्ये लोंबकळत होतो आणि त्याचीच तक्रार करत होतो. पण लोंबकळणाऱ्याचे निदान दोन हात तरी कुठेतरी असतात. आता परळ गेलं. उद्या इथे जमलं नाही, पायऱ्यांवरच्या भाषेत बोलता आलं नाही, पहिल्या चाचणीत शेवटचा आलो, तर परत जायला कॅन्टीनचं बाकडंसुद्धा माझं नव्हतं.

‘टुमॉरो, सेव्हन थर्टी, थर्ड फ्लोअर,’ काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. मी हललो नाही. मग त्यांनी मराठीत विचारलं, ‘अजून काही?’

‘मॅडम, सहज विचारतो,’ मी म्हणालो. ‘इथला प्रवेश रद्द करायचा असेल तर शेवटची तारीख काय असते?’

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्या हातातल्या पावतीकडे बघितलं. शाई अजून वाळली नव्हती.

‘अहो, आत्ता तर घेतलात!’

‘नाही, तसं नाही. सहज.’

‘उद्या साडेसात,’ त्या म्हणाल्या, ‘आणि पहिल्या लेक्चरला उशीर चालत नाही. चला, पुढचे या.’

माझ्या मागे कुणीच नव्हतं. तरी मी बाजूला झालो.